सहावा महिना आणि गिरणीचा भोंगा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस यंदा बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेला मनुष्य संपाविषयी बोलेल, बोनसाविषयी बोलेल, फार तर गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे बोट दाखवून चार कडू शब्द ऐकवील. आम्ही विषय कळविला तो तान्ह्या मुलाच्या सहाव्या महिन्याचा. तेव्हा चालकांपैकी एका सद्गृहस्थांनी मोठ्या नम्रतेने विचारले की, हा विषय डॉक्टरांचा नव्हे काय? डॉक्टरांचा तो आहेच. सहाव्या महिन्यात मूल काय करू लागते ते डॉक्टर सांगतील, आणि आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले सांगतील. परंतु त्या महिन्यात मुलाची आई कोठे होती, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि मुंबई शहरापुरता तरी तो कामगारांच्या इतिहासाचा आहे. आमच्या चळवळीच्या बखरींत त्याला फारशी जागा मिळालेली नाही. हा दोष इतरांइतकाच आमचाही आहे. तो पुढे ओघाने येईलच.

प्रथम मुलाकडे पाहू. पहिले तीन महिने मूल ठेवाल तेथे राहते. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते कुशीवर वळते आणि एके दिवशी पालथे पडते. घरात त्याचे कौतुक होते, आणि त्याच दिवसापासून त्याला खाटेवर एकटे ठेवण्याची सोय संपते. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याचे वजन जन्माच्या वेळच्या दुप्पट होते. सहाव्याच्या आसपास ते दोन्ही हात पुढे टेकून बेडकासारखे बसते; काही दिवस डुलते, कलंडते, आणि मग हात सोडून बसते. बसणे ही गोष्ट मोठ्यांना क्षुल्लक वाटते. पण मूल बसले म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे झाले. मग चमचा उजव्या हातातून डाव्या हातात जातो, डाव्यातून तोंडात जातो, तोंडातून निघून जमिनीवर आपटला जातो, आणि त्याचा आवाज ऐकून मूल पुन्हा हात पुढे करते. आम्ही हातावर पोट असणारी माणसे. दोन हात मोकळे होण्याचा अर्थ आम्हांला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

याच दिवसांत मूल 'बाबाबा', 'दादादा' अशा अक्षरांच्या माळा ओवू लागते आणि बापाला वाटते आपल्यालाच हाक मारली. याच दिवसांत आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सरत येतो आणि नुसते दूध पुरेनासे होते. आमच्या आयाबायांना लोहाचा हिशेब ठाऊक नव्हता; पण मुलाची उष्टावण सहाव्या महिन्यात करावी, मुलीची पाचव्या किंवा सातव्यात करावी, बहुधा मामाच्या हातून खिरीचे बोट चाटवावे, ही रीत त्यांनी घालून दिली होती. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली सर्व देशांना सल्ला दिला तो असाच: सहा महिने केवळ अंगावरचे दूध, आणि त्यानंतर दुधाबरोबर वरचे अन्न.

हे सारे प्रत्येक मूल आपापल्या वेळेने करते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील मुलांची पाहणी करून २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याची सरासरी वेळ सहा महिन्यांची निघाली. पण कोणी पावणेचार महिन्यांनंतर लगेच बसले, तर कोणी सव्वानऊ महिन्यांपर्यंत वेळ घेतला, आणि दोघांनाही निरोगीच म्हटले आहे. शंभरातील चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती तशीच उभी राहिली आणि चालू लागली. ही पाहणी पोटभर खाणाऱ्या, सांभाळणारे माणूस घरी असलेल्या मुलांची होती. तेवढे असले म्हणजे दिल्लीचे मूल आणि नॉर्वेतील मूल यांत फारसे अंतर राहत नाही, ही त्या आकड्यांतील गोष्ट आम्हांस मोलाची वाटली.

मूल कसे वाढते याची बारकाईने टिपणे ठेवणाऱ्या आरंभीच्या मोठ्या लोकांत चार्ल्स डार्विन होते. त्यांचा थोरला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. त्याच्याविषयीची टिपणे त्यांनी जपून ठेवली आणि सदतीस वर्षांनी, १८७७ साली, 'माइंड' नावाच्या नियतकालिकात छापली. त्यांत एक नोंद सहा महिने आणि अकरा दिवसांची आहे. मुलाला सांभाळणाऱ्या बाईने खोटेच रडण्याचे सोंग केले. तेव्हा मुलाचा चेहरा उतरला आणि ओठांचे कोपरे खाली वळले. दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होण्याची ही खूण आहे, असे डार्विननी मानले. एवढा थोर शास्त्रज्ञ पाळण्यावर वाकून मुलाच्या ओठांचे कोपरे पाहतो आहे, हे चित्र कोणालाही आवडेल. आमचे लक्ष मात्र त्या बाईकडे जाते. ती कोण होती, तिला स्वतःचे मूल होते काय, आणि असल्यास त्या घटकेस त्याच्याकडे कोण पाहत होते, याची नोंद त्या लेखात नाही.

पुढे विसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजे यांनी १९२५ ते १९३१ या काळात जन्मलेल्या आपल्या तीन मुलांचे असेच निरीक्षण केले. त्यांनी पाहिले की, सहा महिन्यांच्या मुलासमोरचे खेळणे फडक्याखाली झाकले तर मूल ते शोधीत नाही. आठ-नऊ महिन्यांचे मूल फडके ओढून काढते. याच आठव्या-नवव्यात परके माणूस पाहून ते बुजते आणि आई दाराबाहेर पडताच आकांत करते. चाळीतल्या बायकांना हे पियाजेंवाचून ठाऊक होते. सहाव्यात शेजारणीकडे ठेवले तर मूल राहते, नवव्यात राहत नाही, असे त्या म्हणत.

आणखी एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्याचा संबंध आपल्या बाराखडीशी पोचतो. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतला 'ट' आणि 'त' ऐकविला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला या दोहोंतला फरक सहजी कळत नाही, हे आपण साहेबाच्या तोंडून आपल्या गावांची नावे ऐकून जाणतो. पण सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो फरक कळला. अक्षर बदलले की ती मान वळवीत. दहा-बारा महिन्यांच्या मुलांना तो बहुतेक कळेनासा झाला होता. म्हणजे सहाव्या महिन्याचे मूल जगातल्या कोणत्याही भाषेचे नागरिक होण्यास सिद्ध असते, आणि पुढच्या सहा महिन्यांत कानावर जे पडते त्यावरून ते आपले घर निश्चित करते. त्यासाठी एकच अट: कानावर काही पडले पाहिजे, आणि मूल जागे असले पाहिजे.

ही जागेपणाची अट आमच्या विषयाचे मर्म आहे. कारण गिरणीच्या इतिहासात जागे मूल हीच अडचण होती.

गोष्ट सुरू होते मुंबईत नव्हे, लँकेशायरमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील सूत-कापडाच्या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने कामाला जात. मागे राहिलेल्या तान्ह्या मुलांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे औषध पाजीत. ते अफू घातलेले गोड पाणी होते. मूल निजे, आणि सांभाळणाऱ्या म्हातारीला एकाच वेळी चार-सहा मुले सांभाळता येत. एंगल्सनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात या औषधाचा उल्लेख केला आहे. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि लाखो माणसे उपाशी राहिली. त्या वेळी सरकारने डॉ. एडवर्ड स्मिथ यांना पाहणीसाठी धाडले. त्यांचा निष्कर्ष मार्क्सनी 'भांडवल' ग्रंथात नोंदविला आहे, आणि तो आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. स्मिथ यांनी लिहिले की, या आपत्तीचे आरोग्याच्या दृष्टीने काही लाभही झाले; गिरण्या बंद असल्यामुळे बायकांना आपल्या मुलांना अंगावर पाजावयास फुरसत मिळाली आणि कॉर्डियलचे विष मागे पडले. दुष्काळात मूल सुखी आणि सुबत्तेत गुंगीत, असा उलटा हिशेब त्या व्यवस्थेने मांडून ठेवला होता.

त्याच चार वर्षांत मुंबईत काय चालले होते? अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरबाजाराचे वेड माजले आणि १८६५ साली ते कोसळले. कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ साली चालू झाली होतीच. पुढल्या दशकांत गिरण्यांची रांग लागली. यंत्रे लँकेशायरची आली, यंत्रांचे कारागीर आले, आणि तान्ह्या मुलांना गुंगीत ठेवण्याची गरजही यंत्रांच्या पाठोपाठ आली. औषध तेवढे येथलेच होते.

मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत. सातारा, पुणे, अहमदनगर, रत्नागिरी या भागांतून आलेल्या या बायकांचे काम बहुतेक उक्ते असे. जेवढे सूत गुंडाळाल तेवढे पैसे. त्यामुळे मुलाला पाजायला बाहेर जाणे म्हणजे कागदोपत्री गुन्हा नसला तरी पदराला खार होता. वर नाईकीण असे, तिची मर्जी राखावी लागे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मोठ्या बायकांच्या तासांना हातच लावला नव्हता. १८९१ च्या कायद्याने त्यांचा दिवस अकरा तासांवर आणला. घरून निघणे आणि घरी पोचणे धरले तर सहा महिन्यांच्या मुलाला आई उजेडात दिसणे कठीण.

म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या रविवारच्या सुटीच्या चळवळीकडे आम्ही थोड्या निराळ्या दृष्टीने पाहतो. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन बायकाही बोलल्या. त्या काळी कामगार बायकांनी भर सभेत उभे राहून बोलणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्या दोघी काय बोलल्या असतील ते बोलल्या असतील. पण त्या सुटीने त्यांच्या मुलांना सात दिवसांतून एक दिवस आई दिली, हे त्या सुटीच्या वर्णनांत कोणी लिहीत नाही.

उरलेल्या सहा दिवसांसाठी बाळागोळी होती. अफूत आणखी काहीबाही घालून केलेल्या या गोळ्या बाजारात मिळत; मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून मुलाला चाटवीत. १९२० नंतर मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या बाईंची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. गिरणीकामगार बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले होते. शंभरात अठ्ठ्याण्णव म्हणजे अपवादच नाही. जी गोष्ट शंभरातले अठ्ठ्याण्णव करतात ती अज्ञानाने करतात असे म्हणणारा एक तर आळशी असतो, नाही तर त्याला खरे कारण सांगावयाचे नसते.

१९९० नंतरच्या काही वर्षांत आम्ही डिलाईल रोडच्या चाळींतून हिंडत असू. तेथे वाइंडिंग खात्यातून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. स्वातंत्र्यापूर्वी त्या कामाला लागल्या होत्या. बाळागोळीविषयी आम्ही विचारले तेव्हा त्यांनी प्रथम विषय टाळला. मग म्हणाल्या, "समदीच द्यायची. आमी बी दिली." पहिले काही महिने गोळी लहान असे. "पोर वळाया लागलं, बसाया लागलं, की गोळी वाढवायची. निजल्यालं पोर माळ्यावरनं पडत न्हाय, चुलीत हात घालत न्हाय." आम्ही पुढे काही विचारले नाही. त्याच म्हणाल्या की त्यांची चार मुले झाली आणि दोन राहिली.

त्या वाक्याचा अर्थ नीट पाहावा. मूल कुशीवर वळले, हात मोकळे झाले, 'ट' आणि 'त' ऐकण्यासाठी मान वळवू लागले, नेमक्या त्याच महिन्यात त्याची मात्रा वाढे. मावशींचा हेतू मुलाचा जीव वाचविण्याचा होता. दहा फुटांच्या खोलीत चूल, मोरी, सामान, दोन-तीन बिऱ्हाडे. सांभाळायला एखादी म्हातारी, नाही तर सात वर्षांची बहीण. तेथे बसू लागलेले मूल खरोखरच धोक्यात होते. पण अफूने भूक मरते, पोट बांधले जाते, श्वास मंदावतो. निजलेले मूल दूध ओढीत नाही, आणि ओढल्यावाचून आईच्या अंगावर दूध राहत नाही. अशा रीतीने उष्टावणीच्या महिन्यात मुलाचे पहिले अन्न येण्याआधी जुने अन्नही आटे.

१९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेंहून अधिक मुले वर्षाच्या आत मेली, असे म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याचे आकडे सांगतात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण आठशेंच्या वर होते. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दीडशेंच्या आत. या आकड्यांत एक खोट आहे, आणि ती सांगितली पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. त्यामुळे आकडा फुगलेला आहे. पण ही खोट बाजूला काढली तरी एका खोलीत आणि चार खोल्यांत जे अंतर आहे ते पुसले जात नाही. आणि हेही लक्षात असावे की, जे सरकार हे मृत्यू मोजीत होते त्याच सरकारच्या परवान्याने अफूची दुकाने चालत आणि त्यांचे उत्पन्न त्याच्याच तिजोरीत पडे.

उपाय काय, हे जगाला ठाऊक झाले होते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांतर्फे ना. म. जोशी तेथे गेले होते. त्या परिषदेने ठरविले की, बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर लावू नये, आणि पुढे कामावर आल्यावर दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास मुलाला पाजण्यास मोकळीक द्यावी. हिंदुस्थान सरकारने तो करार स्वीकारला नाही. मग रा. सं. आसवले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रसूतिभत्त्याचे बिल आणले. १९२८ च्या जुलैत त्यावर चर्चा झाली, तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बिलाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा खर्च मुख्यतः सरकारने सोसावयास हवा हे आपल्याला मान्य आहे, पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणून त्यानेही भार उचललाच पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. मुंबई शहरात दिवसाला आठ आणे भत्ता, आणि आधीची व नंतरची मिळून सारी रजा दोन महिन्यांच्या आतलीच. सहावा महिना अजून फार लांब होता.

आता आम्ही वर कबूल केलेल्या दोषाकडे येतो. तिसाव्या सालाच्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक बाई होती. तेथून हे प्रमाण घटत गेले, ते पुढल्या तीस-चाळीस वर्षांत नगण्य झाले. कारणे अनेक होती. रिळिंगचे काम कमी झाले, नवी यंत्रे आली, रात्रपाळी बायकांना बंद होती. पण प्रसूतिभत्ता आणि पाळणाघर यांचा खर्च बाईच्या नावावर पडतो म्हणून बाईच घ्यावयाची नाही, हाही विचार त्यांत होता. मुलाला आई मिळावी म्हणून केलेल्या कायद्याने आईला गेटाबाहेर काढण्याचे निमित्त दिले. आणि आमच्या संघटना? पुरुषाला कुटुंब पोसण्याइतकी मजुरी मिळाली म्हणजे बाईने गिरणीत यावे कशाला, असे आमच्या पुढाऱ्यांपैकी पुष्कळांना मनातून वाटत होते. बायका कमी झाल्या म्हणून मुंबई बंद पडली नाही. असा संप कोणी पुकारलाच नाही.

पाळणाघराची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी कागदावरची आहे. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने ते बंधनकारक केले. १९७६ साली पन्नासांचा आकडा तीसवर आणला. खोल्या झाल्या. मात्र पुष्कळ बायकांनी आरंभी तेथे मुले ठेवली नाहीत. परक्या आयेची भीती, दृष्ट लागण्याची भीती, जातीचा विटाळ, आणि गर्दीच्या ट्रामने मूल आणावयाचे कसे हा साधा प्रश्न. पुढे आम्ही एका कारखान्यात संघटनेतर्फे पाहणीस गेलो असता पाळणाघराच्या दाराला कुलूप होते. किल्ली सापडायला पाऊण तास लागला. आत चार लोखंडी पाळणे होते, आणि त्यांत जुन्या हजेरीपुस्तकांचे गठ्ठे नीट रचून ठेवले होते. व्यवस्थापकांना त्यात काही वावगे वाटले नाही. खरे सांगावयाचे तर, कुलूप उघडावयास सांगण्याचे आम्हांलाही त्याआधी सहा वर्षे सुचले नव्हते. मागण्यांच्या खलित्यात पाळणाघर असे. ते शेवटच्या कलमात असे, आणि वाटाघाटीत काहीतरी सोडावयाचे झाले की प्रथम तेच सोडीत असू. मालकाला हे पाठ झाले होते.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्याची सुटी दिली. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच मुलांसाठी तंबू टाकला आणि 'मोबाइल क्रेशेस'चे काम सुरू केले. इमारत पुरी झाली की मजुरांबरोबर पाळणाघरही पुढे जाई. पुढे हे काम मुंबईतही आले. कामगार जेथे असेल तेथे पाळणा न्यावा ही साधी युक्ती. ती एका कामगार संघटनेला सुचली असती तर आम्हांस अधिक आनंद झाला असता.

२०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. १९२९ पासून मोजले तर आठ आण्यांच्या भत्त्यापासून मुलाच्या बसण्यापर्यंत पोचायला कायद्याला अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली. पोचला असे म्हणतानाही थोडे थांबावे लागते. सव्वीसांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते घेतले तर उरतात अठरा, आणि मूल कुशीवर वळू लागते तेव्हाच आई कामावर जाते. ही रजा पहिल्या दोन मुलांपुरती. तिसऱ्याला बाराच आठवडे. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण भत्ता सारा मालकाने द्यावयाचा, ही १९२८ सालची अडचण तशीच राहिली. आणि आंबेडकरांनी सरकारच्या वाट्याविषयी मान्य केलेली गोष्ट सरकारने अजून पुरती मान्य केलेली नाही.

आणि हे सारे जिचे नाव हजेरीपुस्तकात आहे तिच्यासाठी. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे नाव कोठेच नसते. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. म्हणजे दिवाळीत जन्मलेले मूल फडातच पालथे पडते आणि फडातच बसते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका फडावर असे मूल पाहिले. बैलगाडीच्या सावलीत पोत्यावर ते दोन्ही हात टेकून बसले होते, कमरेला लुगड्याची पट्टी बांधून तिचे दुसरे टोक चाकाला बांधले होते. हातात उसाचे कांडे होते. ते या हातातून त्या हातात चालले होते. शेजारी कोणी नव्हते. आई पन्नास पावलांवर मोळी बांधीत होती आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून पाहत होती. मुकादमाला ते वळून पाहणे खपत नव्हते. खाडा केला तर दंड, हे तिला ठाऊक होते; मान वळविण्याला दंड नव्हता एवढेच.

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका कारखान्याशी करार करताना आम्ही पाळणाघराचे कलम खलित्यात पहिले घातले. व्यवस्थापनाच्या वतीने बोलणारे तरुण गृहस्थ सुशिक्षित होते, सौजन्याने बोलत होते. ते म्हणाले, "पाळणाघर देऊ, पण तुमच्या सभासदांपैकी एकीचेही मूल आज दोन वर्षांच्या आतले नाही. मुलेच नसताना पाळणाघर कोणासाठी?" आकडा खरा होता. आम्ही त्यांच्याकडे एक यादी मागितली: मागील पाच वर्षांत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकांपैकी किती परत आल्या आणि परत आल्यावर सहा महिन्यांच्या आत कितींनी राजीनामे दिले. त्यांनी वहीत लिहून घेतले आणि आठ दिवसांची मुदत मागितली. त्यानंतर आम्ही तीन स्मरणपत्रे पाठविली आहेत.